काचेचं मागचं टोक

साम्राज्यं बुडतात, पूल वाहून जातात, भल्याभल्यांचे पुतळे कबुतरांच्या ताब्यात जातात. पण बापानं मुलाला केलेला उपदेश एकदा का गिटारवर चढला, की त्याला मरण नाही.

हे वाक्य एका मोठ्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत, पहिल्या पानावर, चौकटीत छापून आलं होतं. निमित्त, ‘वळू नकोस’ या गाण्याला एकतीस वर्षं पूर्ण झाल्याचं. शेजारी गाणं लिहिणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा, म्हणजे एकाच माणसाचा, केस वाऱ्यावर उडतानाचा फोटो होता. वारा टेबलफॅनचा होता. मंगळवारी सकाळी त्याच पानात त्याची मुलगी आपल्या चपला गुंडाळत होती, आणि डाव्या चपलेची टाच नेमकी बापाच्या कपाळावर आली होती.

“अगं, तो पेपर…”

“जुना आहे बाबा. परवाचा.”

बापानं उजवी चप्पल तिच्याकडे सरकवली.

या बापाला आपण गवई म्हणू. त्याचे स्वतःचे वडीलही त्याला गवईच म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द कौतुकाचा नव्हता. गवई अठ्ठावन्न वर्षांचा. आयुष्यात त्यानं एकशे सहा गाणी केली. त्यातली एकशे पाच त्याला स्वतःला आणि ड्रम वाजवणाऱ्या त्याच्या मित्राला माहीत होती. उरलेलं एक साऱ्या जगाला पाठ होतं. सुरुवातीला एकटी गिटार, कुणी अंगणात बसून वाजवावी तशी. मग बापाचा उपदेश, अगदी हळू आवाजात. आणि तिसऱ्या कडव्याला ड्रम असे काही कोसळायचे की दगडालाही आपला बाप आठवावा.

हळू चाल, पोरा, ओझं उभं धर,
मागून हाक आली, वळू नकोस.
काढून हातमोजे हात ठेव जगावर,
पहिल्या ओरखड्याला पळू नकोस.

शाळेच्या निरोप समारंभात हे गाणं लागायचं. माणूस निवृत्त झाला की लागायचं. बँकेला फोन केला आणि बाईंनी “कृपया प्रतीक्षा करा” म्हटलं की लागायचं, आणि प्रतीक्षा अशी असायची की तिसरं कडवं हटकून यायचं. एका गृहस्थानं हे गाणं ऐकून नोकरी सोडली होती, दुसऱ्यानं हेच ऐकून सोडलेली नोकरी पुन्हा धरली होती, आणि दोघांनीही गवयाला आभाराची पत्रं पाठवली होती. फक्त एका ड्रायव्हिंग स्कूलनं गाडीत हे गाणं लावायला बंदी केली होती.

तर असा हा जगाचा बाप. आणि त्याच्या सख्ख्या मुलीनं चपला बॅगेत कोंबल्या, चेन ओढली आणि म्हटलं,

“बाबा, सव्वाचारची बस आहे. तोवर मला काहीतरी सांग.”

“काय सांगू?”

“ते मी कसं सांगणार? जाताना आईबाप सांगतात तसं काहीतरी. माझ्याबरोबर ट्रेनिंगला होते ना, त्या सगळ्यांना घरून काही ना काही मिळालंय. एकाची आई म्हणाली, वरून खाली थुंकू नकोस. पण निदान म्हणाली तरी!”

मुलगी सहाशे किलोमीटरवरच्या बंदरात क्रेन चालवायला निघाली होती. जमिनीपासून चाळीस मीटर उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये, एकटी.

“अगं, एवढंच ना?” गवयानं घसा साफ केला.

“आणि गाण्यातलं नको. एक ओळसुद्धा नको. ती मी बँकेत ऐकते.”

साफ केलेला घसा तसाच वाया गेला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. गवई स्वयंपाकघरात गेला, फ्रिज उघडला, त्यात उपदेश नव्हता, फ्रिज बंद केला. बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. पाणी बायकोनं आधीच घातलेलं होतं, त्यामुळे ते खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेलं आणि खालून जे ऐकू आलं ते मुलीला सांगण्याजोगं नव्हतं. मग त्यानं वीजबिलाच्या पाठीमागे लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, ‘स्वतःवर विश्वास ठेव’.

बायको पाठीमागून वाचत होती. “हे माझ्या शाम्पूच्या बाटलीवर आहे,” ती म्हणाली.

त्यानं ते खोडलं. ‘माणसं जप’ लिहिलं.

“हे विम्याच्या जाहिरातीत आहे. म्हातारा झोपाळ्यावर बसतो ती.”

“मग तू सांग ना काहीतरी! तूही आई आहेस तिची.”

“माझं सांगून झालं. खोलीचं भाडं देण्याआधी नळाला पाणी येतं का बघ, म्हटलं. तिनं लिहून घेतलं.”

गवयाची बायको एका इस्पितळात एक्सरे काढायची. रोज तीस-चाळीस माणसं आतून बघितल्यामुळे आत फार काही नसतं हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला त्रासही होत नसे.

दुपारी दोनपर्यंत गवयानं घरात इतक्या फेऱ्या मारल्या की बायको म्हणाली, हलू नका, नाहीतर परत काढावा लागेल. मग आपण घरी आहोत हे तिच्या लक्षात आलं. गवई मुलीच्या खोलीत डोकावला. कपाट उघडं, गादी गुंडाळलेली, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक उजळ चौकोन. आणि खिडकीत पुठ्ठा. तीन महिन्यांपूर्वी स्पीकर हलवताना गवयाच्याच हातून ती काच फुटली होती. साडेचार फूट उंच, तीन फूट रुंद. “बाबा, काच,” असं मुलगी दर आठवड्याला म्हणायची आणि तो “हो हो” म्हणायचा. मुलीचे आजोबा चार गल्ल्यांपलीकडे साठ वर्षं काचेचं दुकान चालवत होते आणि नातीच्या खिडकीत पुठ्ठा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो नेमका किती बाय कितीचा असतो, हे त्या खोलीत मोजून घेता आलं असतं.

काही सुचत नसलं की माणसाला एकदम कामं आठवतात. “निदान काच तरी बसवतो,” असं म्हणत त्यानं चपला घातल्या.

“ती आज जातेय,” बायको म्हणाली, “आणि तुम्ही आज काच बसवणार?”

“उजेड येईल.”

“कुणाला?”

पण तोवर तो दोन मजले उतरला होता. काच हे निमित्त होतं. खरं म्हणजे त्याला त्याच विहिरीवर पुन्हा एकदा जायचं होतं जिथून एकतीस वर्षांपूर्वी एक घागर भरून आणली होती.

ते गाणं आकाशातून पडलेलं नव्हतं. गवई सत्तावीस वर्षांचा असताना दिवसा वडिलांबरोबर, म्हणजे अप्पांबरोबर, काचा पोचवायचा आणि संध्याकाळी बँडमध्ये वाजवायचा. मोठी काच दोघांनी न्यायची. गवई पुढे, अप्पा मागे. आणि मागून अप्पांचं अखंड चालू: हळू चाल. उभी धर, आडवी धरलीस तर आपल्याच वजनानं जाईल. पायरी. कुत्रं आहे, असू दे. कुणी हाक मारली तर वळू नकोस. हळू. आता डावीकडे. एका दुपारी चौथ्या मजल्यावर काच चढवताना पोराला त्या बोलण्यात ठेका सापडला आणि उतरेपर्यंत गाणं तयार झालं. त्यात काच हा शब्द नव्हता. लोकांना वाटलं, आयुष्याबद्दल आहे. हळूहळू गवयालाही तसंच वाटू लागलं.

अप्पांनी ते पहिल्यांदा ऐकलं ते दुकानातल्या रेडिओवर, उभ्यानं. शेवटपर्यंत ऐकलं. मग रेडिओ बंद केला, काच कापायचा हिरा घेतला आणि एक आरसा कापला. त्या दिवसापासून काच नेताना अप्पा एक चकार शब्द बोलले नाहीत. दोन महिन्यांनी गवयानं दुकान सोडलं. अप्पा दुखावले, हे त्याला दिसत होतं. का दुखावले, हे विचारायचं राहून गेलं. आधी कार्यक्रम होते म्हणून, मग कार्यक्रम नव्हते म्हणून. एकतीस वर्षं बापलेक रक्तदाब आणि नळाचं पाणी या दोन विषयांवर अत्यंत सलोख्यानं बोलत आले होते.

दुकानात अप्पा टेबलावर वाकून काच पुसत होते. वय ब्याऐंशी. कानांवर केस, हातांत कातडी हातमोजे.

“या, गवई. आज कुणाचा वाढदिवस?”

“वाढदिवस नाही. काच हवी होती. साडेचार बाय तीन.”

“नातीच्या खोलीतली.”

“तुम्हाला कसं…”

“तीन महिने झाले तिनं सांगून. कापून ठेवलीय केव्हाची. ती बघ, भिंतीला. म्हटलं बघू, जगाच्या बापाला केव्हा आठवण होतेय.”

गवयानं भिंतीकडे बघितलं. काच उभी होती. कोपऱ्यात खडूनं नातीचं टोपणनाव लिहिलेलं होतं, ‘खारूताई’.

“अप्पा, ती आज निघतेय.”

“माहितीय. मला सकाळी फोन आला होता. केबिनची काच किती जाडीची विचारून घे म्हटलं.”

“तिला जाताना काहीतरी सांगायचंय.”

“मग सांग.”

“काय सांगू तेच कळत नाहीये.”

अप्पांनी फडकं खाली ठेवलं. “मला विचारतोस? परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. औषध घालायच्या आधी त्यांनी तुझं गाणं लावलं. थेंब पडले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर डॉक्टर माझ्या पाठीवरून हात फिरवतो! म्हणतो, काका, गाणंच तसं आहे.”

“अप्पा, मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीही गंभीरपणेच सांगतोय. आणि विषय निघालाच आहे तर मला एक सांग. ‘काढून हातमोजे’ हे तुला कुणी सांगितलं?”

गवई एकतीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघत होता, तो हा नव्हता.

“म्हणजे?”

“म्हणजे मी सांगितलं का? जन्मात कधी सांगितलं? काच धरायची आणि हातमोजे काढायचे?”

“ते… ती ओळ… ‘उभं धर’ला ‘जगावर’ जुळत होतं. मग जगावर हात ठेवायचा तर हातमोजे…”

“यमकासाठी बोटं कापायची!” अप्पांचा आवाज चढला. “सगळ्या काचवाल्यांनी ओळखलं रे ते गाणं. पहिल्याच ओळीला ओळखलं. आणि तिसऱ्या ओळीला सगळे माझ्याकडे बघायला लागले. संघटनेच्या सभेत तीन वर्षं मान खाली घालून बसलो. अध्यक्ष म्हणाला, तुम्ही मुलाला असं शिकवलंत?”

“म्हणून तुम्ही बोलायचं बंद केलंत?”

“काच उचल,” अप्पा म्हणाले. “टेम्पोवाला तीननंतर येतो. बस चुकेल तुझी. आणि ते हातमोजे घाल.”

बापलेकांनी काच उचलली. गवई पुढे, अप्पा मागे. अप्पांनी हे वजन उचलावं की नाही असा प्रश्न गवयाच्या मनात आला, पण तो विचारला असता तर अप्पांनी त्यालाच दुकानात काचेसारखं भिंतीला उभं करून ठेवलं असतं.

रस्ता दुपारच्या वेळचा. शटरं अर्धी खाली, सायकली भिंतीला, एक कुत्रं सावलीच्या मापात स्वतःला बसवत होतं. गवयाचा डावा हात खालच्या कडेला, उजवा वर. पहिली गल्ली बरी गेली. मागून आवाज नव्हता, पण तो नसणारच हे ठरलेलं होतं.

दुसऱ्या गल्लीत त्याला ते जड जाऊ लागलं. काच नव्हे, ते मागचं गप्प असणं. काचेला एक वाईट खोड असते: पुढच्या माणसाला मागचं काही दिसत नाही, आणि मागचा हात सैल झाला की पुढच्याला ते काच पडल्यावर कळतं. गवई एकेक पाऊल टाकत होता आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट शिरत होती. अप्पा ब्याऐंशीचे आहेत. सकाळची गोळी घेतली असेल का? दम लागला तरी सांगणार नाहीत. तोल गेला तरी सांगणार नाहीत. खाली बसले तरी सांगणार नाहीत!

“अप्पा, ठीक आहे ना?”

उत्तर नाही.

“अप्पा?”

पलीकडून एक ट्रक गेला. पावलं ऐकू येईनात. गवयाच्या मानेवरून घामाचा एक ओघळ निघाला आणि पाठीवर कुठेतरी थांबून राहिला. त्याच क्षणी समोरच्या केशकर्तनालयातून एक न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर धावत आला आणि बोट करून आनंदानं ओरडला,

“वळू नकोस! अरे, हे वळू नकोस! ओ, वळू नकोस!”

आणि गवई वळला.

न्हाव्याला नमस्कार करायला नव्हे. ती हाक हे नुसतं निमित्त झालं. तो वळला अप्पा आहेत का बघायला. काचेचा कोपरा दिव्याच्या खांबाला लागला. आवाज फार मोठा नव्हता. कुणीतरी भलं मोठं पान उलटावं एवढाच. मग ती सगळीच्या सगळी, नातीच्या टोपणनावासकट, रस्त्यावर पसरली.

अप्पा जिथल्या तिथे उभे होते. त्यांच्या दोन्ही हातांत दीड फुटाचा एक तुकडा शाबूत होता, आणि तो त्यांनी अजून उभाच धरला होता.

“वळलास,” ते म्हणाले.

“मागून आवाज नव्हता. मला वाटलं तुम्ही…”

“मेलो?”

“नाही, म्हणजे…”

“मी मेलो असतो तर काच आधी पडली असती. एवढं तरी तुला कळायला हवं. दोन वर्षं काढलीस धंद्यात.”

तेवढ्यात न्हावी पोचला. तो आधी हळहळला, मग त्यानं क्षमा मागितली, मग आपल्या मुलानं हे गाणं ऐकून दारू सोडल्याचं सांगितलं, आणि मग विचारलं, एक फोटो चालेल का. त्याच्यामागून अर्ध्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईकही आलं आणि फोटोत उभं राहिलं. चौघं काचांमध्ये उभे, मधोमध अप्पा तुकडा धरून. फोटो झाल्यावर फेसवाल्यानं तिथल्या तिथे पहिल्या दोन ओळी म्हटल्या, सुरात. तिसरी सुरू करणार, तेवढ्यात अप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो जाऊन खुर्चीत बसला.

न्हाव्याकडून केरसुणी घेऊन गवई काचा गोळा करू लागला. अप्पा न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

“पूर्वी तुम्ही सतत बोलायचात,” गवई वाकल्यावाकल्या म्हणाला. “आजही बोलला असतात तर फुटली नसती.”

“बोलायचो. तू त्याचं गाणं केलंस. त्यानंतर तोंड उघडायची चोरी! म्हटलं, आता नुसतं ‘पायरी’ म्हटलं तरी हा दुसरा भाग काढेल.”

“मला वाटायचं तुम्हाला राग आला, तुमचा सल्ला मी बाजारात मांडला म्हणून.”

“कसला सल्ला?” अप्पांना खरंच कळलं नाही.

“हळू चाल, ओझं उभं धर, वळू नकोस…”

“अरे, तो सल्ला नाही. तो धंद्याचा रिवाज आहे. पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागच्यानं बोलत राहायचं. काय बोलतोय त्याला काडीची किंमत नाही. माझा बाप कांद्याचे भाव सांगायचा. बटाट्याचे झाले की पुन्हा कांद्याचे. आवाज येतोय म्हणजे दुसरं टोक कुणीतरी धरलंय, एवढं पुढच्याला कळलं की बास. तो सरळ चालतो.”

गवयाची केरसुणी थांबली.

“मग तुम्ही नेमकं तेच का बोलायचात? हळू चाल, वळू नकोस?”

“मला भाव पाठ नसायचे.”

न्हाव्याच्या दुकानात रेडिओ लागला होता. कोणतं गाणं लागलं असेल हे सांगायची गरज नाही. दारातून जाणारी एक बाई पिशवी खाली ठेवून क्षणभर थांबली, ओठ हलवले, पिशवी उचलली आणि गेली. गवई तिच्याकडे बघत राहिला. एकतीस वर्षं तो हे गाणं म्हणत होता आणि त्यातलं कोणतं वाक्य लोकांना धरून ठेवतं, याचा त्यानं परोपरीनं विचार केला होता. मुलाखतीत त्यानं तीन वेगवेगळी कारणं दिली होती.

“किती वाजले?” अप्पांनी विचारलं.

पावणेचार.

“अरे, जा! काचा मी भरतो. खिडकीला पुठ्ठा आहे तो आहे, ती काय आता त्या खिडकीतून बघणार नाहीये.” त्यांनी हातातले हातमोजे काढले, एकात एक घातले आणि पुढे केले. “हे तिला दे. वर लोखंड तापतं म्हणे. आणि सांग, काढू नकोस.”

अठ्ठावन्नव्या वर्षी माणूस फार जोरात पळत नाही. पण पळतोय असं त्याला स्वतःला वाटतं. गवई तसा पळत बसस्थानकावर आला तेव्हा चार वाजून तेरा मिनिटं झाली होती. इंजिन सुरू होतं. दार लागत आलं होतं. बायको फलाटावर उभी होती.

“श्वास घ्या,” ती म्हणाली. “सोडा. तुमच्या केसांत काच आहे.”

“कुठेय ती?”

“पाचवी रांग. खिडकी. दोनदा उतरून बघून गेली.”

गवयानं हातमोजे कंडक्टरच्या हातात दिले. “पाचवी रांग,” तो धापा टाकत म्हणाला. कंडक्टरनं हातमोजे बघितले, गवयाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळख उगवली. “तुम्ही ते…” पण दार लागलं.

बस वातानुकूलित होती. काचा पक्क्या, न उघडणाऱ्या. पलीकडे मुलगी बसली होती. तिनं भुवया उंचावल्या: काय मग? सकाळपासूनचा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर जसाच्या तसा होता, फक्त आता तो थोडा कमी आशेचा होता.

गवयानं तोंड उघडलं. सकाळपासून शोधलेलं एकही वाक्य तिथे नव्हतं. बस हलली. आणि तो चालायला लागला, खिडकीच्या बरोबरीनं, आणि बोलायला लागला. आजोबांनी हातमोजे दिलेत, काढू नकोस म्हणालेत. काच आणत होतो, फुटली, न्हाव्यानं फोटो काढला. शिडी चढताना… शिडीच असते ना तिथे? का लिफ्ट? विचारायचं राहिलं. तुझा निळा टॉवेल दोरीवरच आहे बहुतेक. हळू, तिथे खड्डा आहे. खड्डा बसच्या वाटेत नव्हता, त्याच्या वाटेत होता, आणि तो त्यात गेला. मुलगी आतून काहीतरी म्हणाली. तिला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं हे दोघांनाही दिसत होतं. फलाटावरच्या चार जणांनी मोबाइल वर केले. ‘वळू नकोस’वाला बसच्या मागे पळतोय आणि बडबडतोय, हे दृश्य रोज मिळत नाही. फाटकाशी बस वळली, आणि त्याला थांबावं लागलं.

बायको मागून आली. “सांगितलंत?”

“नाही.”

“मग एवढं काय बोलत होता?”

फोन वाजला.

“बाबा! काय म्हणत होतास? काहीच ऐकू आलं नाही. परत सांग.”

गवयानं फोन कानाला घट्ट धरला. आता काच नव्हती, इंजिन नव्हतं, फक्त ती होती, वाट बघत. सबंध जगाला सांगून झालेला माणूस बसस्थानकाच्या फाटकात उभा होता.

“सापडलं नाही गं,” तो म्हणाला. “सकाळपासून शोधतोय. अजून नाही सापडलं.”



“बरं,” मुलगी म्हणाली. त्या ‘बरं’त राग नव्हता, पण फोन ठेवायची तयारी होती.

“ठेवू नकोस. शोधतोय तोवर बोलतो. चालेल?”

“काय बोलणार?”

गवयानं इकडेतिकडे बघितलं. फाटकापाशी एक भाजीची गाडी होती. “कांदे महागलेत,” तो म्हणाला.

“काय?”

“मागच्या आठवड्यापेक्षा बरेच. बटाटे आहेत तेवढेच आहेत. टोमॅटो मऊ पडलेत, घेऊ नये. तुझी आई पुढे गेलीय, रिक्षाला हात करतेय, मी चालतच येतो म्हणून सांगतो तिला. तर आज काय झालं, तुझे आजोबा म्हणाले…”

तो बोलत निघाला. न्हाव्याचं सांगितलं, अर्ध्या फेसाच्या माणसाचं सांगितलं, आजोबांनी तुकडा उभा धरला होता ते सांगितलं. ती एकदा हसली. नंतर हसली नाही, पण फोनही ठेवला नाही. गवयानं दिव्याचा खांब ओलांडला. अप्पांनी रस्ता इतका स्वच्छ केला होता की तिथे काही घडलं होतं यावर कुणी विश्वास ठेवला नसता. त्यानं खालच्या मजल्यावरच्या चादरीचं सांगितलं. जिना चढताना पायऱ्या मोजून सांगितल्या. निळा टॉवेल दोरीवर खरंच होता, तेही सांगितलं. मग तिच्या रिकाम्या खोलीत जाऊन, गुंडाळलेल्या गादीवर बसून, पुठ्ठ्याकडे बघत तो अखंड बोलत राहिला. पाऊण तास झाला. मधे मधे “हं” येत होतं. मग बराच वेळ “हं”ही आलं नाही, आणि त्याचा आवाज आपोआप चढला.

“आहेस ना? ऐकतेयस ना गं?”

“आहे बाबा,” ती कुजबुजली. “बोल ना तू. फक्त जरा हळू बोल. शेजारच्या बाईंना झोप लागलीय.”